वीतभर जमीन, एक ठोका

१९६१ च्या मे महिन्यात गॉर्डन जॅक्सन नावाच्या स्वाराने स्कॉटलंडमध्ये एकदा पाय टेकला. एकदाच. सहा दिवसांच्या स्पर्धेत शेवाळलेले दगड, ओढ्यांची पात्रं, पीटचा काळा चिखल आणि उभे खडक असं सगळं त्याने ३५० सीसीच्या एजेएस मोटरसायकलवरून पार केलं. परीक्षेच्या साऱ्या टप्प्यांत फक्त एकदा त्याचा बूट जमिनीला लागला. दंड झाला एक गुण. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा तो त्या वर्षी जिंकला, त्याआधीही तीनदा जिंकला होता. पण या खेळातली माणसं आजही त्या विजयापेक्षा त्या एका पायाबद्दलच जास्त बोलतात.

मोटरसायकलची शर्यत म्हटली की वेग, कर्कश आवाज आणि वळणावर जमिनीला टेकू पाहणारे गुडघे डोळ्यांपुढे येतात. ट्रायल्स नावाच्या या खेळात यातलं काहीच नाही. दिवसभराचा मार्ग ठरलेल्या वेळेत पुरा करावा लागतो, तेवढ्यापुरतं घड्याळ असतं. खरी परीक्षा मार्गात अधूनमधून येणाऱ्या छोट्या टप्प्यांवर होते. त्यांना सेक्शन म्हणतात. दोन्ही बाजूंना खुणा लावलेली काही मीटरांची अवघड वाट, आणि कडेला पाऊस अंगावर घेत उभा असलेला एक निरीक्षक. तुम्ही किती वेळ घेतला, याच्याशी त्याला काही घेणं नसतं. तो तुमचे पाय बघतो. एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. गाडी थांबली, पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर पाच. ज्याच्या नावावर सगळ्यांत कमी गुण तो जिंकला. यात एक मिश्कील सोयही आहे. तिसऱ्यांदा पाय टेकल्यावर पुढे कितीही वेळा टेकले तरी दंड तीनच, त्यामुळे सुरुवातीला डौलात आलेला स्वार टप्प्याच्या शेवटी दोन्ही पायांनी जमीन रेटत, बदकासारखा फताफता पाय टाकत गाडी बाहेर काढताना दिसतो. थांबून पाच घेण्यापेक्षा ते परवडतं.

या स्पर्धा मोटरसायकल तरुण होती तेव्हापासूनच्या आहेत. नव्या यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही, हे ठरवायला विसाव्या शतकाच्या आरंभी चढांवर, खराब रस्त्यांवर गाड्यांच्या परीक्षा घेत. स्कॉटलंडमधली स्पर्धा १९०९ मध्ये पाच दिवसांची म्हणून सुरू झाली आणि लवकरच सहा दिवसांची झाली. आज आधुनिक ट्रायल्स गाड्या उभ्या भिंतीसारख्या दगडांवर उड्या मारत चढतात. मला मात्र दुसऱ्याच एका जमातीविषयी लिहायचं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश आणि स्पॅनिश ट्रायल्स गाड्या ही माणसं शोधून काढतात, सुट्या करतात, पुन्हा उभ्या करतात आणि काचेच्या कपाटाआड न ठेवता परत त्याच दगडांवर नेऊन आपटतात.

हे वेड समजून घ्यायचं तर आधी हळू जाणं किती कठीण आहे ते बघावं लागतं. एक साधा हिशोब मांडू. जुन्या ३५० सीसी एकसिलिंडरी चार-स्ट्रोक इंजिनाचे मिनिटाला ६०० फेरे धरू. जेमतेम बंद न पडता चालावं, इतकाच हा वेग. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे मिनिटाला ३०० ठोके, सेकंदाला पाच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे वीस फेरे झाले की मागच्या चाकाचा एक फेरा होतो, असं प्रमाण धरलं, आणि जुन्या ट्रायल्स गाड्यांत ते साधारण असंच असे, तर चाक दोन सेकंदांत एकदा फिरतं. चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी सेकंदाला एक मीटर पुढे सरकते आणि तेवढ्यात इंजिनाचे पाच ठोके पडतात. दर ठोक्याला वीस सेंटिमीटर. वीतभर जमीन, एक ठोका.

त्या विती-वितीच्या मधे गाडीला पुढे कोण नेतं? इंजिन तर त्या वेळात धूर बाहेर टाकतंय, हवा आत ओढतंय, ती दाबतंय. म्हणजे शक्ती देण्याऐवजी खातंय. गाडी चालते ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या जिवावर. जात्याचा वरचा दगड जड असतो म्हणून खुंट्याला दिलेला हिसका पुढच्या हिसक्यापर्यंत पुरतो. फ्लायव्हीलचंही तसंच. पण यात एक मेख आहे. फिरत्या वस्तूत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये जेवढी ऊर्जा असते, ६०० फेऱ्यांवर तिचा शंभरावा भागच उरतो. दहावा नव्हे, शंभरावा. म्हणून रेसिंगवाले लेथवर फ्लायव्हील छिलून हलकं करतात, आणि ट्रायल्सवाले उलट त्यावर पोलादी किंवा पितळी कडं चढवून ते जड करतात. एरवी गाडीतला ग्रॅम न् ग्रॅम कमी करण्यासाठी रात्री जागवणारा माणूस फ्लायव्हीलपाशी आला की स्वतःच्या हाताने वजन वाढवतो!

जड फ्लायव्हील आणि संथ ठोके यांचा आणखी एक फायदा जुने स्वार सांगतात. प्रत्येक ठोक्याला मागचं टायर जोर लावतं आणि दोन ठोक्यांच्या मधे त्याला जमीन पुन्हा धरायला उसंत मिळते. ओल्या दगडावर सलग जोर लागला की चाक जागच्या जागी गरगरतं. तोच जोर तुटक तुटक लागला तर टायर चावा घेत घेत वर जातं.

इंजिन आणखी मऊ करायला एक छोटी कळ असे. हँडलच्या डाव्या बाजूला बोटाएवढी एक दांडी, तिची तार थेट ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोपर्यंत गेलेली. ती दांडी फिरवली की ठिणगी उशिरा पडू लागे. रस्त्यावर वेगात जाताना ठिणगी लवकर हवी. सेक्शनमध्ये शिरताना स्वार ती मागे खेचून ठेवी, म्हणजे इंजिन भडकून उडी घेण्याऐवजी खालच्या आवाजात बोलत राही. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो आणि स्वाराला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा ते अंगठ्यात असे.

आता टायर. रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या टायरात २५-३० पौंडांचा दाब असतो. ट्रायल्सच्या मागच्या टायरात चार-पाच पौंडच ठेवतात. हवा गेलीय असंच पाहणाऱ्याला वाटावं. टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने दाबाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. टायरच्या भिंती काही भार स्वतः पेलतात, त्यामुळे हिशोब तंतोतंत जुळत नाही. पण ३० पौंडांवरून ५ वर आलं की टायर दगडाला अक्षरशः मिठी मारतं. एवढ्या कमी हवेत वेगळीच अडचण उभी राहते. इंजिनाच्या जोराने रिम फिरते आणि टायर जागीच राहतं. आतली ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. म्हणून टायरची कड आतून रिमवर घट्ट आवळून धरणारे विशेष बोल्ट बसवतात. जुनी गाडी नव्याने बांधताना रिमला या बोल्टांची भोकं पाडायला विसरलेला माणूस पहिल्याच चढावर पायी खाली येतो.

या सगळ्या युक्त्या एका माणसाने एकाच गाडीवर वर्षानुवर्षं करून पाहिल्या. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. सॅमी मिलर, जन्म १९३३, बेलफास्टचा. त्याची गाडी एरियल एचटी-५, ५०० सीसीची एकसिलिंडरी, नंबर जीओव्ही १३२. खेळात रस असलेल्यांना हा नंबर पाठ असतो. बर्मिंगहॅमच्या एरियल कारखान्याने १९५९ मध्ये चार-स्ट्रोक गाड्या बनवणंच थांबवलं आणि दोन-स्ट्रोक गाड्यांवर भर दिला. म्हणजे कंपनीच्या यादीतून निघून गेलेल्या गाडीवर मिलर स्पर्धा जिंकत राहिला. १९५९ ते १९६९ अशी सलग अकरा वर्षं तो ब्रिटिश विजेता होता, आणि त्यांतली निम्मी वर्षं याच एरियलवर.

पण ती ‘हीच एरियल’ होती का? कारखान्यातून निघालेली एचटी-५ सुमारे १३० किलोंची. मिलरच्या हातून तिची अखेरची आवृत्ती बाहेर पडली तेव्हा वजन ११० किलोंच्या घरात आलं होतं. पोलादी भागांच्या जागी ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास आलं. फ्रेमही बदलली, तीही रेनॉल्ड्स ५३१ नावाच्या नळ्यांची. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं हे पोलाद साध्या पोलादापेक्षा इतकं कणखर, की नळीची भिंत पातळ ठेवूनही चालतं. सायकलच्या फ्रेमवर चिकटवलेला ५३१ चा बिल्ला एके काळी जगभरच्या सायकलवेड्यांना दागिन्यासारखा वाटे. मात्र ही पातळ नळी फार तापवली तर तिचा कस जातो. म्हणून ती वितळवून जोडण्याऐवजी कमी तापमानाला वितळणारा पितळेच्या जातीचा मिश्रधातू सांध्यात भरून जोडत. चांगल्या कारागिराच्या हातचा असा सांधा सोनेरी मण्यांच्या ओळीसारखा दिसतो, आणि त्यावर रंग चढला की जाणकार लोक हळहळतात.

त्या काळच्या ब्रिटिश कार्यशाळांत अशा कल्पनांची रेलचेल होती. एसेक्समधल्या बर्ट ग्रीव्ह्जचंच बघा. त्याचा चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब अपंग होता. बर्टने त्याच्या चाकाच्या खुर्चीला इंजिन बसवलं. त्यातून अपंगांसाठी इंजिनाच्या गाड्या बनवणारी इन्व्हाकार ही कंपनी उभी राहिली, आणि त्याच कंपनीच्या पोटातून ग्रीव्ह्ज मोटरसायकल निघाली. अपंगांच्या गाडीसाठी वापरलेलं पिळाच्या रबराचं सस्पेन्शन मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये आलं. फ्रेमचा पुढचा दांडा नळीचा नव्हता, ओतीव ॲल्युमिनियमची सणसणीत तुळई होती. दिसायला विचित्र, पण दगडावर आपटली तरी ऐकायची नाही. किंवा बीएसए बँटम घ्या. ब्रिटनमध्ये पोस्टमनपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांची ही इवलीशी दोन-स्ट्रोक गाडी. तिचं मूळ रेखाटन जर्मन डीकेडब्ल्यूचं, आरटी १२५ चं. युद्ध हरलेल्या जर्मनीकडून नुकसानभरपाईत जे मिळालं त्यात ही गाडीही होती. एकाच गाडीची बाळं मग ब्रिटनमध्ये बीएसए, अमेरिकेत हार्ले, रशियात मॉस्क्वा म्हणून जन्मली. जपानमध्ये यामाहाने आपली पहिलीच मोटरसायकल याच साच्यावर काढली. आज बँटम घेऊन ट्रायल्समध्ये उतरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण ती स्वस्त आहे, हलकी आहे आणि तिचे भाग अजून मिळतात.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय देणंघेणं, असं वाटत असेल तर घराबाहेर उभ्या असलेल्या बुलेटच्या मागच्या चाकाकडे नजर टाका. ते चाक ज्या हलत्या दांड्यावर बसलंय आणि ज्या दोन शॉकअब्झॉर्बरवर झुलतंय, ती मांडणी रॉयल एनफिल्डने फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलमोर कप नावाच्या ट्रायलमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली. बाजारातल्या जाहिरातीआधी दगडाधोंड्यांत. त्या वेळी ट्रायल्सवाल्यांची ठाम समजूत अशी, की मागचं चाक फ्रेमला घट्टच हवं. स्प्रिंग आली की टायरची पकड जाते आणि खालच्या जमिनीचा अंदाज लागत नाही. एनफिल्डच्या रेडिच कारखान्यातल्या अभियंत्यांनी ती समजूत मोडीत काढली. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटवाल्यांनी सुवर्णपदकं मिळवली. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने ३५० बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज दोनदा जिंकली, १९५२ आणि १९५७ मध्ये. दरम्यान भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी हीच बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. घाटात खालच्या गिअरमध्ये, जवळजवळ बंद पडल्यासारखा ‘डग... डग... डग...’ करत वर चढणारा तो आवाज आपल्याकडे रुबाबाचा मानतात. त्या आवाजाचा एक पूर्वज ओल्या दगडांवर वाढलाय, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. २०१९ मध्ये रॉयल एनफिल्डने भारतात बुलेट ट्रायल्स नावाची गाडी आणली तेव्हा जॉनी ब्रिटनचं नाव पुन्हा जरा ऐकू आलं. एकच आसन, वर वळलेला सायलेन्सर, खरबरीत टायर. मात्र वजन पावणेदोनशे किलोंच्या वर. ती घेऊन सेक्शनमध्ये शिरण्याचं धाडस करणाऱ्याला माझा आधीच नमस्कार.

या ब्रिटिश गाड्यांचा अस्त ज्याने घडवला तो माणूसही मिलरच. बार्सिलोनाजवळच्या बुल्टाको कंपनीचा मालक फ्रान्सेस्क झावियर बुल्तो याने १९६४ मध्ये त्याला बोलावून घेतलं. दोन आठवड्यांच्या आत, एका स्पॅनिश शेतावर, मिलरने कापाकापी करत नव्या ट्रायल्स गाडीचा नमुना उभा केला. तीच शेर्पा टी. २४४ सीसी, दोन-स्ट्रोक, वजन नव्वद-पंच्याण्णव किलो. १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज मिलरने एरियलवर जिंकली होती, १९६५ ची बुल्टाकोवर जिंकली. परदेशी गाडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९६६ मध्ये ॲलन लॅम्पकिनने बीएसएवर एकदा जुन्यांची लाज राखली, आणि मग जड चार-स्ट्रोक गाड्यांचं दुकान मिटलं. कोणी त्या मातीमोलाने विकल्या, कोणी शेडच्या कोपऱ्यात कोंबड्यांना बसायला ठेवल्या.

काही वर्षं गेली. ज्यांच्या तारुण्यात या गाड्या होत्या त्यांच्या हातात आता थोडा पैसा आणि बराच वेळ होता. त्यांनी कोंबड्या हुसकल्या. फक्त १९६५ पूर्वीच्या गाड्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. १९८४ पासून स्कॉटलंडमधल्या किनलॉखलेव्हन गावात प्री-६५ स्कॉटिश ट्रायल होते. तिथला एक प्रसिद्ध टप्पा ‘पाइपलाइन’ म्हणून ओळखला जातो. ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवायला घातलेल्या, धरणाचं पाणी खाली आणणाऱ्या प्रचंड नळांच्या कडेने तो उभा वर जातो. खाली उभं राहून बघितलं तर माणूसही चढेल का अशी शंका यावी. तिथे आजोबांच्या वयाची माणसं वडिलांच्या काळातल्या गाड्या चढवतात.

आता कार्यशाळेत शिरू. जुनी ट्रायल्स गाडी बांधायला घेतली की सगळ्यांत शेवटी रंग येतो आणि सगळ्यांत आधी क्रँक. एकसिलिंडरी इंजिनाचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या, मधे क्रँकपिन, दोन बाजूंना दोन शाफ्ट, सगळं दाबून किंवा नटाने आवळून जोडलेलं. दोन्ही शाफ्ट एका सरळ रेषेत आलेच पाहिजेत. कारागीर तो जोड लेथच्या दोन टोकांत धरतो, डायल गेज लावतो, हळू फिरवतो. काटा कुठे उडतो ते पाहून तांब्याच्या हातोड्याने नेमक्या जागी एक टोला देतो. पुन्हा गेज. पुन्हा टोला. मिलिमीटरच्या शतांशांचा हा खेळ, आणि तो हातोड्याने! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस रागावलाय. तो रागावलेला नसतो, ऐकत असतो. टोल्याचा आवाज बदलला की चकती हलली हे त्याला कळतं.

मग मॅग्नेटो. बॅटरीशिवाय ठिणगी देणारं हे यंत्र जुन्या गाड्यांचा मानी पाहुणा आहे. त्याच्या फिरत्या भागात तारेची बारीक गुंडाळी असते आणि तिच्या पोटात दडलेला एक कंडेन्सर. जुन्या गुंडाळीवरचं लाखेचं रोगण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मऊ होतं आणि कंडेन्सर गळू लागतो. लक्षण ठरलेलं. थंड गाडी पहिल्या किकला सुरू होते, तापली की हटून बसते. ट्रायल्समध्ये हे जास्तच छळतं, कारण गाडी ताशी पाच किलोमीटरने चालते, फिनांवर वारा लागत नाही आणि इंजिन सतत भाजत असतं. उपाय एकच. सगळं उलगडून नवी तार गुंडाळायची आणि नवा कंडेन्सर अशा जागी बसवायचा की पुढच्या वेळी तो बदलायला पुन्हा सारं उलगडावं लागू नये. काही जण जुन्या मॅग्नेटोच्या खोक्यात गुपचूप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवतात. बाहेरून तेच १९५५, आत २०१५.

कार्ब्युरेटरवर तर स्वतंत्र लेख होईल, पण इथे थोडक्यात. एरवी आपण तो अर्धा किंवा पूर्ण उघडतो. ट्रायल्समध्ये तो जवळजवळ बंदच असतो आणि गाडीची सगळी वागणूक त्या केसभर फटीत ठरते. आतली सरकपट्टी झिजली असेल तर तिच्या कडेने चोरून हवा आत जाते, आणि इंजिन एकदा उसळतं, एकदा मरतं. दगडाच्या टोकावर ते उसळलं तर स्वार पलीकडे जातो. मेलं तर पाच गुण.

फ्रेमचाही एक अजब प्रकार आहे. रस्त्यावरच्या गाडीत पुढचा फोर्क जरा लांबट, पुढे झुकलेला असतो, म्हणजे वेगात गाडी सरळ राहते. ट्रायल्समध्ये सरळ राहणं हाच दोष. फोर्क अधिक उभा हवा, म्हणजे दोन दगडांच्या मधून जागच्या जागी वळता येतं. म्हणून फ्रेमचं डोकं कापून वेगळ्या कोनात पुन्हा जोडतात. हँडल आणखी वळावं म्हणून टाकीला दोन बाजूंनी खाच पाडतात. फूटरेस्ट मागे आणि खाली नेतात, कारण स्वार बसत नाही, उभा असतो. पाय मागे असले की नुसतं गुडघे वाकवून वजन मागच्या चाकावर टाकता येतं. यातलं काहीही सुटं पाहिलं तर किरकोळ वाटतं. एकत्र आलं की तीच गाडी ओळखू येत नाही.

इथेच या छंदातलं खरं भांडण सुरू होतं. नियम सांगतो, १९६५ पूर्वीची गाडी हवी. पण आज अव्वल समजल्या जाणाऱ्या कित्येक ‘प्री-६५’ गाड्यांत फ्रेम नवी असते, फोर्कच्या वरचा जोड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून संगणकी यंत्राने कोरलेला असतो, धुरे टायटॅनियमचे असतात आणि जुन्या दिसणाऱ्या फोर्कच्या पोटात आधुनिक डॅम्पर असतो. इंजिनाचं ओतकामही कधी कधी नव्याने केलेलं. एका बाजूचे म्हणतात, ही तर मुखवटा घातलेली नवी गाडी. दुसऱ्या बाजूचे विचारतात, मग मिलरने दुसरं काय केलं होतं?

प्रश्न खोचक आहे आणि मला तो अर्धाच पटतो. ट्रायल्स गाडीला कारखान्यातून निघाल्या दिवसाच्या अवस्थेत परत नेणं, प्रत्येक नट आणि प्रत्येक रंगछटा यादीबरहुकूम लावणं, हे मला या खेळाशी थोडं बेइमानीचंच वाटतं. या गाड्या तशा कधी चालल्याच नाहीत. विकत घेतल्याच्या आठवड्यात मालक करवत घेऊन बसत असे, मडगार्ड कापत असे, बोल्टांना आरपार भोकं पाडत असे. कापलेली, जोडलेली, छिललेली गाडी हीच या खेळातली अस्सल गाडी. पण मिलरकडे त्याच्या काळचा धातू होता आणि त्याच्या काळची हत्यारं. माझ्या मते रेघ तिथे ओढावी. १९६४ मधल्या एखाद्या हुशार फिटरला त्याच्या शेडमध्ये जे करता आलं असतं ते सगळं चालेल, मग ते त्या गाडीवर प्रत्यक्षात कधी झालेलं नसलं तरी. फोर्कच्या पोटातला डॅम्पर त्यात बसत नाही.

अर्थात या रेघेलाही कोणी लगेच छेद देईल. टायरांचं काय? पूर्वीची कठीण रबराची टायरं घालून आज कोणीच उतरत नाही, सगळे आजची मऊ, चिकट टायरं वापरतात. चढ चढण्यात टायरचा वाटा टायटॅनियमच्या धुऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. तेव्हा शुद्धतेचा सोवळेपणा टायरपाशी आधीच सुटलेला असतो. काही स्पर्धांचे आयोजक हब, फोर्क, कार्ब्युरेटर यांची यादीच करतात. कोणत्या काळातलं काय चालेल, काय नाही. तपासणीच्या सकाळी एखाद्या चाकाच्या हबवरून दोन म्हाताऱ्यांत तासभर वाद रंगतो. दोघेही मनातून खूश असतात.

गंमत म्हणजे, ज्या स्पॅनिश गाड्यांनी ब्रिटिश गाड्यांना घरी बसवलं त्या आता स्वतः म्हाताऱ्या झाल्यात. मागे दोन शॉकअब्झॉर्बर असलेल्या बुल्टाको, मोन्टेसा, ओस्सा यांचा वेगळा ‘ट्विनशॉक’ वर्ग आहे आणि तिथेही तेवढीच गर्दी असते. त्यांचं दुखणं निराळं. यांच्या टाक्या फायबरग्लासच्या. तेव्हाच्या पेट्रोलला त्या छान पुरल्या. आता ब्रिटनमध्ये पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे वीस टक्के. इथेनॉल जुन्या रेझिनला मऊ करतं. टाकीची आतली बाजू सुटते, तिचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये उतरतो आणि केसभर फटीचं ते नाजूक गणित चिकटून बसतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर पेट्रोल खातंय अशी तक्रार आपल्याकडे करणाऱ्यांना हे लगेच कळेल. यावर काही जण टाकीला आतून इथेनॉल सोसणाऱ्या इपॉक्सीचा लेप देतात. काही जण जुनी टाकी पोकळ आवरणासारखी ठेवून तिच्या पोटात ॲल्युमिनियमची छोटी टाकी लपवतात. सेक्शनमध्ये पेट्रोल जळतं तरी किती!

१९८० च्या दशकात मागे एकच शॉकअब्झॉर्बर असलेल्या गाड्या आल्या आणि ट्विनशॉकही बाद झाले. त्या मोनोशॉकही आता चाळिशीच्या झाल्यात. त्यांचेही वर्ग काही ठिकाणी सुरू झालेत, आणि नियमवाले पुन्हा चहा घेऊन बसलेत. हवेवर थंड होणारं इंजिन चालेल, पाण्यावरचं चालणार नाही. पुढचा ब्रेक ड्रमचाच हवा की डिस्क चालेल, याचा निकाल अजून सगळीकडे सारखा लागलेला नाही.